साडेचार वर्षांच्या पोराला रॉकेट लाँच दाखवायला नागपूरहून श्रीहरिकोट्याला नेऊ का?

मानेवाडा_मम्मी

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवते.

आमचा पोरगा साडेचार वर्षांचा आहे आणि वर्षभरापासून घरात रॉकेट सोडून दुसरा विषय नाही. झाडू उभा ठेवला की रॉकेट, कुकरची शिट्टी व्हायला आली की काउंटडाउन. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलाच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे बूस्टर बांधून नेला होता, बक्षीस मिळालं नाही म्हणून घरी येईस्तोवर रडला ते वेगळं. इस्रोचे लाँच यूट्यूबवर इतक्यांदा पाहून झालेत की आता दूध सांडलं तरी 'परफॉर्मन्स नॉर्मल' म्हणते आणि पळून जाते.

रमण विज्ञान केंद्रात चारदा नेऊन आणलं. तारांगणातून बाहेर आला की दरवेळी तेच, 'पण खरं रॉकेट कुठून उडते?' तर आता नवरा म्हणून राहिला की चल, एकदा श्रीहरिकोट्याला जाऊन खरंच दाखवून आणू. सासूबाई म्हणतात एवढ्याशा जिवाला घेऊन हजार किलोमीटर कशाला, टीव्हीवर दिसते ना सगळं. मी मधात.

पहिली भीती आवाजाची. यंदा मारबतीची मिरवणूक पाहायला इतवारीत नेलं होतं, 'घेऊन जा गे मारबत' ओरडण्यात हा सगळ्यात पुढे, पण डीजेची गाडी जवळ आली तसा बाबाच्या मानेला असा चिकटला की घरी येईपर्यंत सुटला नाही. दुसरं म्हणजे ऐन वेळी लाँच पुढे ढकललं तर काय, एवढं जाऊन हात हलवत परत?

तिसरी शंका ऐकून हसाल. माझे वडील सिंदेवाहीकडचे. २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आकाशातून जळत जळत काहीतरी गेलं होतं आठवते ना सगळ्यांना, आणि लाडबोरीला ते भलंमोठं धातूचं कडं पडलं होतं? बाबा ते बघून आलेत. नातवाला झोपवताना गोष्ट म्हणून तेच सांगतात आणि दरवेळी कडं थोडं थोडं मोठं होते. आता पोराच्या डोक्यात पक्कं बसलं आहे की रॉकेट वर जाते आणि मग कोणाच्या तरी गावात पडते. श्रीहरिकोट्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न, 'आपल्यावर पडलं तर?' आणि दुसरा, 'पडलं तर आपल्याला घरी नेऊ देतील का?'

कोणी लहान पोरांना घेऊन गेलं असेल तर खरं खरं सांगा. जावं की थांबावं?

सक्करदरा_चौक

ताई रागावू नका पण काहून एवढा खटाटोप? साडेचार वर्षांच्या पोट्ट्याला काय लक्षात राहणार आहे? आम्ही आमच्या पोट्टीला तीन वर्षांची असताना ताडोबाला नेलं, वाघ असा समोरून रस्ता ओलांडून गेला, जिप्सीतले सगळे श्वास रोखून बसलेले. आज तिला विचारा, तिला फक्त परतताना उलटी झाली तेवढं आठवते. तिघांचं जाणं येणं, लॉज, खाणं, आणि वर ते उडेल की नाही याचा भरवसा नाही. दहा वर्षांचा होऊ द्या, तेव्हा त्याला कळेलही आणि स्वतःची बॅगही उचलेल. तोवर फुटाळ्यावर नेऊन कणीस खाऊ घाला.

शुभा_बजाजनगर

सक्करदरा भाऊ, वाघ तुम्ही पाहिला ना? मग झालं की वसूल :)

मम्मी, आम्ही गेलो होतो. ३० डिसेंबर २०२४ चं स्पेडेक्सचं लाँच, पीएसएलव्ही सी-६०, रात्री १० चं. मुलगी तेव्हा साडेपाचची. तिला सांगितलं होतं की दोन सॅटेलाइट एकाच रॉकेटमधून वर जाणार, मग वेगळे होणार आणि मग शोधत शोधत येऊन एकमेकांचा हात धरणार. ते तिला इतकं पटलं की १६ जानेवारीला जेव्हा खरंच दोघं जोडले गेले तेव्हा शाळेत जाऊन सगळ्यांना सांगून आली, जसं काही घरचंच लग्न होतं.

आता मुद्द्याचं. सामान्य लोकांसाठी तिथे २०१९ पासून लाँच व्ह्यू गॅलरी आहे, स्टेडियमसारख्या पायऱ्या आहेत, वर छप्पर नाही. पैसे लागत नाहीत पण आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागते. ती नोंदणी लाँचच्या काही दिवस आधीच उघडते आणि गाजलेलं मिशन असलं तर बघता बघता फुल होते. सगळ्यांचे आधार जवळ ठेवा, पोराचंही. काय आत नेऊ देतात काय नाही ते नोंदणीच्या पानावर लिहिलेलं असते ते नीट वाचून जा, गेटवर वाद घालून काही होत नाही.

आवाजाबद्दल माझ्या मनातही हीच भीती होती. पण तो डीजेसारखा नाही. डीजे कानात घुसते, हा आधी येतच नाही! म्हणजे रॉकेट उठलेलं दिसते, सगळा उजेड पसरते, आपण उभे राहतो, टाळ्या, आणि आवाज नाहीच. मग थोड्या वेळाने तो जमिनीवरून गडगडत येते आणि छातीत, पोटात जाणवते. कारण प्रत्येक किलोमीटरला आवाजाला साधारण ३ सेकंद लागतात आणि गॅलरी लाँच पॅडपासून काही किलोमीटर दूर आहे. आम्ही हे घरीच खेळ करून शिकवलं होतं. पावसाळ्यात वीज चमकली की ती मोजायची, एक, दोन, तीन, मग गडगडाट. तिथेही तिने उजेड दिसल्याबरोबर मोजायला सुरुवात केली आणि आवाज आला तेव्हा ती घाबरायच्या ऐवजी 'आला आला' करत होती. ज्याची वाट पाहत असतो त्याची भीती कमी वाटते, निदान आमच्याकडे तरी तसं झालं. तरी पण लहान मुलांचे कान झाकायचे मफ नेले होते, हेडफोनसारखे दिसतात ते. तिने आवाज येण्याआधी घातले आणि दहा सेकंदात काढून टाकले. पण गळ्यात आहेत म्हणून धीर होता. कापसाच्या बोळ्यांवर विसंबू नका.

काय वाईट होतं ते पण सांगते. वाट पाहणं. कित्येक तास आधी पोचावं लागते, तपासणी, रांग, मग बसून राहा. त्यात आधी ९:५८ ची वेळ होती ती १० केली, दोनच मिनिटं, पण 'आता होणार' म्हणून ठेवलेल्या पोराला दोन मिनिटं म्हणजे दोन तास. आणि बाथरूम! उडायच्या अर्धा तास आधी पोराला शू करवून आणाच, मग ती नाही म्हणो की हो म्हणो. आमच्या मागच्या पायरीवरचे एक गृहस्थ नातवाला घेऊन गेले आणि ते परत आले तेव्हा आकाशात फक्त एक तारा सरकत होता. त्यांचं तोंड मला अजून दिसते.

दिसते किती वेळ? रात्रीचं असेल आणि आभाळ स्वच्छ असेल तर दोनेक मिनिटं छान, मग ठिपका. बस. एवढ्यासाठी दोन दिवसांचा प्रवास, हे आधीच मनाशी ठरवून जा.

एक सांगायचं राहिलं, सुल्लुरपेटाहून श्रीहरिकोट्याचा रस्ता पुलिकत सरोवराच्या मधून जाते. डिसेंबरात दोन्ही बाजूंना रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, शेकड्यांनी पाण्यात उभे. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, बायनॉक्युलर बॅगेच्या तळाशी.

अजनी_एक्सप्रेस

शुभाताईंचं उडालं म्हणून गोड लिहिलं, आता आमचं ऐका.

१५ जुलै २०१९, चांद्रयान-२. वेळ पहाटे २:५१. लेक सहा वर्षांची. आम्ही तीन रात्री आधी निघालो, चेन्नईला मावशीकडे उतरलो, तिथून गाडी करून सुल्लुरपेटा, आणि गॅलरीत जाऊन बसलो तर जत्रा भरलेली. राष्ट्रपती पण आलेले होते त्या रात्री श्रीहरिकोट्याला. लेक अकरापर्यंत नाचली आणि मग मांडीवर झोपली. मी ठरवलं होतं की शेवटची दहा मिनिटं राहिली की उठवू.

२ वाजायला आले तेव्हा स्क्रीनवरचं काउंटडाउन थांबलं. ५६ मिनिटं २४ सेकंद. आधी वाटलं की स्क्रीनच हँग झाली, आजूबाजूचे लोक हसून राहिले, कोणी म्हणते नेट गेलं. मग बराच वेळ काहीच नाही आणि मग घोषणा झाली, तांत्रिक अडचण आहे, आजचं लाँच रद्द. हजारो लोक गप. मग सगळे एकदम पार्किंगकडे. लेक माझ्या खांद्यावर झोपूनच बाहेर आली, तिला काही पत्ताच नाही.

सकाळी मावशीकडे उठली आणि पहिलं वाक्य, 'बाबा, उडालं?' खरं सांगतो, एका सेकंदासाठी मनात आलं की हो म्हणून टाकावं, मोबाइलवर जुना व्हिडिओ दाखवावा, तिला काय कळणार आहे. बायकोने डोळे वटारले. मग सांगितलं की रॉकेटची तब्येत बरी नव्हती म्हणून डॉक्टरांनी नाही म्हटलं. ती म्हणे मग बरं झालं, ताप असताना शाळेत नसते जायचं.

आठवड्याने, २२ जुलैला दुपारी २:४३ ला ते उडालं. सोमवार होता. आम्ही नागपुरात, ती शाळेला दांडी मारून टीव्हीसमोर, आणि बाजूला तिने आपली बाहुली बसवली होती तिला समजावून सांगत होती की याला मागच्या आठवड्यात ताप होता.

तर ढकललं तर काय, याचं माझं उत्तर असं आहे की ते ढकललं जाईल असंच धरून चाला. गगनयानची पहिली टेस्ट, २१ ऑक्टोबर २०२३, तिला तर शेवटच्या ५ सेकंदांवर कॉम्प्युटरने थांबवलं होतं, मग १० वाजता उडालं. प्रोबा-३ वालं ४ डिसेंबर २०२४ चं ५ ला गेलं. पोराला 'रॉकेट उडताना बघायला' नेतो असं म्हणूच नका, 'रॉकेटच्या गावाला' नेतो म्हणा. आणि चेन्नईत दोन दिवस हातचे ठेवा. बिर्ला तारांगण आहे, ईसीआर रोडवर मगरींचं पार्क आहे, समुद्र तर आहेच. आपल्या नागपूरच्या पोरांना समुद्र म्हणजेच अर्धं चंद्रावर गेल्यासारखं असते.

पैशांचं पण एक गणित आहे. लाँचची पक्की तारीख बऱ्याचदा थोडेच दिवस आधी कळते आणि रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडते, म्हणजे मेळ बसत नाही, शेवटी तत्काळ. आणि कन्फर्म तत्काळ कॅन्सल केलं तर एक रुपया परत मिळत नाही. पोरगा पाचच्या आत आहे तर वेगळी बर्थ न घेता फुकट जाऊ शकते, म्हणजे सक्करदरा भाऊंच्या दहा वर्षांच्या हिशोबापेक्षा आत्ताच स्वस्त!

मानेवाडा_मम्मी

'रॉकेटच्या गावाला' हे एकदम आवडलं. आज सकाळी तसंच म्हणून पाहिलं, तर लगेच विचारते की त्या गावात रॉकेटचे आईबाबा पण राहतात का.

वीज मोजायचं पण सुरू करतो. वीज नसली तर शेजारच्या लग्नातले फटाके मोजू.

पण ते 'आपल्यावर पडलं तर' काही डोक्यातून जात नाही. काल वडिलांना फोन करून सांगितलं की बाबा आता ती गोष्ट थोडी बंद करा, तर म्हणतात, 'काहून? खोटं आहे का? सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात ठेवलं होतं ते कडं.' आता खोटं तर नाहीच. मग पोराला सांगू काय?

निवृत्त_मास्तर

ताई, तुमच्या वडिलांना गोष्ट बंद करायला लावू नका, गोष्ट पूर्ण करायला सांगा. अर्धी गोष्टच घाबरवते.

मी सदतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल, सवय आहे.

रॉकेट म्हणजे एकावर एक ठेवलेले डबे समजा, जेवणाच्या डब्यासारखे. खालचा डबा रिकामा झाला की टाकून द्यायचा, नाहीतर रिकामं ओझं कोण वाहणार. पीएसएलव्ही ४४ मीटर उंच, म्हणजे चौदा-पंधरा मजल्यांची बिल्डिंग, वजन ३२० टन, आणि त्यातलं जवळजवळ १३९ टन नुसतं पहिल्या टप्प्यातलं इंधन. ते दोन मिनिटांच्या आत जळून संपते आणि तो रिकामा डबा पडते. पडतेच! तुमचा पोरगा बरोबर बोलून राहिला आहे, त्याला चूक म्हणू नका. फक्त कुठे पडते, तर समुद्रात. श्रीहरिकोटा निवडलं ते यासाठीच, पुढे नुसता बंगालचा उपसागर. लाँचच्या आधी विमानांना आणि मच्छीमारांच्या बोटींना इशारा देऊन तो भाग मोकळा ठेवतात.

पूर्वेकडे समुद्र असण्याचा दुसरा फायदा पोराला फिरकीच्या चक्रावर बसवून दाखवा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तिथे श्रीहरिकोट्याची जमीन ताशी सोळाशे किलोमीटरहून जास्त वेगाने पूर्वेकडे जात असते. त्या दिशेने उडी मारली तर तो वेग फुकट मिळते. चालत्या बसमधून बसच्या दिशेने उतरतो ना आपण, तसं. आणि जे सॅटेलाइट ध्रुवावरून फिरवायचे असतात त्यांना दक्षिणेकडे जावं लागते, पण सरळ खाली श्रीलंका, म्हणून पीएसएलव्ही तेव्हा आधी आग्नेयेकडे जाते आणि मग वळण घेते. कोणाच्या घरावरून जायचं नाही म्हणून एवढा वळसा, त्यात इंधन वाया गेलं तरी चालेल. हे पोराला जरूर सांगा.

मग लाडबोरीचं कडं? ते उडताना पडलेलं नव्हतं. ते एका चिनी रॉकेटच्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा भाग असल्याचं जाणकारांनी सांगितलं, इस्रोची मंडळीही ते पाहायला आली होती. वरचा टप्पा आपलं काम करून तिथेच पृथ्वीभोवती फिरत राहते, महिनोनमहिने. विरळ हवेला घासून घासून हळूहळू खाली येते आणि मग एक दिवस जळत पडते. म्हणजे जे वर दिसलं ते त्या दिवशीचं रॉकेट नव्हतं, फार आधी उडालेल्याचा उरलेला डबा होता. बहुतेक भाग वरच जळून जाते, कठीण धातूचे तुकडे तेवढे उरतात. आजोबांना सांगा, गोष्टीत हे घाला की ते कडं इतके दिवस पृथ्वीला फेऱ्या मारत मारत होतं आणि शेवटी दमून सिंदेवाही तालुक्यात उतरलं. आजोबांना पण आवडेल, कडं मोठं करायची गरज पडणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच मनाशी ठरवा. रॉकेट कधी कधी फसते. १८ मे २०२५ ला सकाळी मी टीव्हीवर पीएसएलव्ही सी-६१ पाहत होतो, नातू मांडीवर. पहिला टप्पा उत्तम, दुसरा उत्तम, आम्ही टाळ्या वाजवून चहा टाकला आणि तिसऱ्या टप्प्यात गडबड झाली. खालून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. तेव्हा टाळ्या वाजल्या म्हणजे झालं असं नाही, पीएसएलव्हीला सॅटेलाइट सोडायला सतराएक मिनिटं लागतात, तोवर स्क्रीनसमोर बसून राहा. गर्दी दोन मिनिटांत पार्किंगकडे धावते, तुम्ही धावू नका. खरी टाळी त्यानंतरची.

आणि हो, कक्षेत पोचल्यावर वेग किती असते त्याला हे सांगा. नागपूर ते चेन्नई आपली गाडी सोळा-सतरा तास घेते. ते अंतर सॅटेलाइट अडीच मिनिटांत पार करते. बल्लारशाचा वडापाव संपायच्या आत चेन्नई.

चेन्नईतला_नागपूरकर

मास्तर, बल्लारशाला वडापाव घेता घेताच सॅटेलाइट गेलेलं असते, सुटे पैसे मिळेस्तोवर.

मी आठ वर्षांपासून उत्तर चेन्नईत आहे, पाहुणे आले की लाँचला नेणं हे माझं कामच झालं आहे, त्यामुळे प्रवासाचं मी सांगतो.

नागपूरहून चेन्नईच्या गाड्या विजयवाडा, गुडूर करत सुल्लुरपेटावरूनच येतात, फक्त तिथे मोठ्या गाड्या थांबतीलच असं नाही. गुडूरला थांबणारी गाडी मिळाली तर तिथे उतरून मागे-पुढे पॅसेंजर पाहता येते. लहान पोरासोबत मात्र मी म्हणेन सरळ चेन्नई सेंट्रलला या, एक दिवस आराम करा. सेंट्रलच्या बाजूलाच मूर मार्केटचं लोकल स्टेशन आहे, तिथून सुल्लुरपेटाच्या लोकल आहेत, दोन-सव्वादोन तास. सुल्लुरपेटाहून श्रीहरिकोटा वीसेक किलोमीटर. लाँचच्या दिवशी परत येताना मात्र ऑटोवाले तुमच्या तोंडाकडे पाहून भाव सांगतात, त्यामुळे चार घरांनी मिळून चेन्नईहूनच गाडी केलेली बरी. सुल्लुरपेटाचे लॉज मोठ्या मिशनला आधीच भरतात.

कधी यायचं? ऑक्टोबर ते डिसेंबर इकडचा पावसाळा, आपल्यासारखा जून-जुलैचा नाही. पाऊस नसला तरी ढग असतात आणि रॉकेट काही सेकंदांत ढगात गेलं की संपलं, मग फक्त गडगडाट ऐका. असं माझ्यासोबत दोनदा झालं. एप्रिल-मेमध्ये दुपारचं लाँच असेल तर नकोच, विदर्भाचं ऊन कोरडं, इकडचं ओलं, पोरगा चिडचिड करून करून जीव घेईल. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. २९ जानेवारी २०२५ चं जीएसएलव्ही एफ-१५, श्रीहरिकोट्याचं १०० वं लाँच, सकाळी ६:२३ चं. अजून सूर्य वर यायचा होता, गारवा, आणि ते केशरी लोळ. त्यासारखं मिळालं तर घर गहाण ठेवून या. (ठेवू नका.)

आणि चांद्रयानासारखं गाजलेलं मिशन पहिल्याच वेळी निवडू नका. साधं पीएसएलव्ही बघा, गर्दी कमी, नोंदणी मिळायची शक्यता जास्त, आणि पोराला त्यातला फरक कळत नाही. गॅलरी प्रत्येक लाँचला उघडी असेलच असं धरू नका, हे पण पाहून घ्या.

नोंदणी नाहीच मिळाली तर रात्रीचं किंवा पहाटेचं लाँच आमच्या गच्चीवरूनही दिसते. आवाज नाही, पण उत्तरेला क्षितिजावरून एक केशरी दिवा उठते आणि वर वर जाते. मोबाइलवर लाइव्ह लावू नका मात्र, ते काही सेकंद मागे असते. माझ्या बायकोने एकदा स्क्रीनवर 'तीन, दोन, एक' ऐकून वर पाहिलं तर रॉकेट गच्चीच्या टाकीच्या वर पोचलेलं.

जेवणाचं म्हणाल तर पोराला इडली-दहीभात आवडते का पाहून घ्या आधी. तर्री पोहे विसरा चार दिवस.

सक्करदरा_चौक

वीस ओळी कोणी लिहिल्या तर मी मत बदलत नसतो. पण ते वळसा घालून जायचं मास्तरांचं ऐकून बरं वाटलं. आमच्या गल्लीतल्या कचऱ्याच्या गाडीला शिकवा कोणीतरी.

ताई गेलात तर फोटो टाका. आणि शू आधी.

मानेवाडा_मम्मी

सगळ्यांचे आभार, खरंच. काल रात्री नवऱ्यासोबत बसून ठरवलं. जानेवारी-फेब्रुवारीतलं एखादं साधं लाँच धरायचं, चेन्नईत दोन दिवस जास्तीचे ठेवायचे, उडालं तर उडालं. नाही उडालं तर 'त्याला ताप आहे'. अजनी भाऊ, हे वाक्य तुमच्या लेकीचं आहे, वापरायची परवानगी घेऊन ठेवा.

वडिलांना मास्तरांचं सगळं वाचून दाखवलं फोनवर. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'म्हणजे ते आपल्या सिंदेवाहीवरून आधी पण कितीदा गेलं असेल, आपल्याला माहीतच नाही.' काल रात्रीच्या गोष्टीत कडं पृथ्वीला फेऱ्या मारून राहिलं होतं आणि पोरगा मोजत होता, चौदावर झोपला.

सासूबाई अजून तयार नाहीत, पण समुद्राचं नाव ऐकून त्याच विचारून राहिल्या की चौघांचं बुकिंग होते का.

शुभाताई, ते कानाचे मफ कुठे मिळतात? सीताबर्डीत दोन-तीन दुकानांत विचारलं, सगळे गाणी ऐकायचे हेडफोनच दाखवतात.

शुभा_बजाजनगर

विकत कशाला घेता, आमचे पडून आहेत, मुलीचं डोकं आता मोठं झालं. मेसेज करा, रविवारी येऊन घेऊन जा. फक्त गुलाबी आहेत आणि त्यावर युनिकॉर्न आहे.

मानेवाडा_मम्मी

विचारलं त्याला. म्हणे युनिकॉर्नवर पेनाने बूस्टर काढले तर चालतील का?

शुभा_बजाजनगर

मुलीला विचारलं. पेन्सिलने काढ म्हणे, पेनाने नाही. रविवारी ११ नंतर या, त्याआधी आम्ही झोपलेलो असतो.